सही करण्याआधी विचारा : हाड कुठून घेणार?

२०२१ साली कोरोनापाठोपाठ काळी बुरशी आली आणि महाराष्ट्रात कितीतरी रुग्णांचा वरचा जबडा काढावा लागला. एरवीही कुणाचा जबडा अपघातात मोडतो, तर कुणाचे दात पडून वर्षे लोटली की हाड झिजते. हे हाड पुन्हा भरता येते. पण ते शरीरातून कुठून घेणार, हे आपल्या माणसांना क्वचितच समजावले जाते. संमतीपत्र पुढे येते, अंगठा उठतो. ही रीत आम्हाला मान्य नाही.

खड्डा एक-दोन दातांपुरता असेल, तर हाड आपल्याच तोंडातून मिळू शकते: हनुवटीतून, खालच्या अक्कलदाढेच्या मागून किंवा वरच्या शेवटच्या दाढेमागच्या उंचवट्यातून. बहुतेकदा तेवढ्या जागेपुरती भूल पुरते आणि चेहऱ्यावर व्रण राहत नाही. कमरेचे हाड घेतले, तर बहुधा पूर्ण भूल लागते, काही दिवस चालताना दुखते. ज्यांचे हातावर पोट आहे, त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही.

तोंडातल्या जागांचेही तोटे आहेत. हनुवटीतून हाड घेतल्यास खालचे पुढचे दात किंवा ओठ बधिर होऊ शकतात, कधी कायमचे. अक्कलदाढेमागे हा त्रास सहसा कमी असतो. वरच्या दाढेमागचे हाड मऊ आणि थोडेच मिळते. काळ्या बुरशीने अर्धा जबडा गेला असेल, तर तोंडातले हाड पुरत नाही. तिथे पायाचे हाड किंवा कवळीसारखी प्लेट लागते.

म्हणून विचारा: हाड कुठून? तिथूनच का? नंतर काय त्रास होईल? खर्च किती? तयार हाडाची पूड वापरणार असतील, तर ती कशाची? काही पुडी गुरांच्या हाडापासून बनतात, हे रुग्णाला आधी कळलेच पाहिजे.

खासगीत पैसे भरण्याआधी सरकारी किंवा पालिकेच्या डॉक्टरांचे मत घ्या. विरार लोकलने मुंबई सेंट्रलला उतरले की नायर दंत रुग्णालय जवळ आहे. सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे.

आणि एक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर पुडी मिळतेच. तंबाखू आणि वाढलेली साखर यांनी जखम भरत नाही, बसवलेले हाड वाया जाऊ शकते. पुडी आपण सोडू. पण समजेल अशा मराठीत सगळे सांगणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. ते सांगेपर्यंत सही करू नका.