युनिफॉर्ममधला पाद्री नेमका कोणाचा?

चॅप्लिन म्हटलं की मिशीवाला चार्लीच आठवतो. युक्रेनच्या ‘मिलिटरी चॅप्लिन’बद्दलची बातमी आमच्या डेस्कवर आली तेव्हा मलाही आधी तोच आठवला. (त्याचं आडनाव मुळात याच शब्दावरून आलंय, हे नंतर कळलं.) चॅप्लिन म्हणजे सैन्यासोबत राहणारा धर्मगुरू. अंगात बुलेटप्रूफ जॅकेट, गळ्यात क्रॉस आणि हातात बंदूक नाही. माझ्या एनसीसीवाल्या मित्राने लगेच विचारलं, ‘‘ड्रोनच्या जमान्यात याचं काय काम?’’

उत्तर शोधताना मी पोहोचले स्नेक आयलंडवर. फेब्रुवारी २०२२, युद्धाचा पहिलाच आठवडा. काळ्या समुद्रातल्या या बेटावरचे युक्रेनी सैनिक मारले गेल्याची बातमी आली. त्यांचे मृतदेह आणायला ओडेसाहून ‘सफीर’ नावाची बचाव बोट निघाली. बोटीवर वासिल विरोझुब हे ऑर्थोडॉक्स पाद्री होते, सोबत आणखी दोन पाद्री आणि एक डॉक्टर. रशियन नौदलाने बोट ताब्यात घेतली. ज्यांच्या अंत्यसंस्कारासाठी ही मंडळी निघाली होती ते सैनिक मेलेलेच नव्हते, कैदेत होते! आता पाद्रीही कैदेत. विरोझुब मे महिन्यात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. आपल्याला मारहाण झाली, असं त्यांनी सुटल्यावर सांगितलं.

खरं तर याबाबतचे नियम स्पष्ट आहेत. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं कलम २४ सैन्यासोबतच्या धर्मगुरूला डॉक्टरांच्या रांगेत बसवतं. त्याच्यावर हल्ला करायचा नाही. तो शत्रूच्या हाती लागला तरी कलम २८ नुसार युद्धकैदी ठरत नाही. कैदेतल्या सैनिकांना त्याची गरज असेल तेवढाच काळ त्याला ठेवता येतं. पण हे संरक्षण मागायचं तर आधी आपल्याच देशाने त्याला कागदोपत्री सैन्याचा माणूस मानायला हवं. युक्रेनमध्ये २०१४ पासून, म्हणजे डोनबासमधली लढाई पेटल्यापासून, कितीतरी पाद्री आघाडीवर जात होते, पण स्वयंसेवक म्हणून. लष्करी चॅप्लिनचा कायदा संसदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर केला आणि तो लागू झाला जुलै २०२२ मध्ये. विरोझुब तोवर पकडले जाऊन सुटलेही होते.

कायद्याने पद दिलं, पगार दिला. काम मात्र नोकरीच्या चौकटीत बसणारं नाही. ल्विव्ह शहरातलं गॅरिसन चर्च घ्या. सोव्हिएत काळात हे चक्क पुस्तकांचं गोदाम होतं. २०२२ नंतर तिथल्या लष्करी पाद्रींच्या दिवसाचा मोठा भाग अंत्यविधींत जाऊ लागला. शवपेटी रस्त्याने निघाली की येणारे-जाणारे गुडघ्यावर बसतात. पेटीमागे चालणाऱ्या आईशी काय बोलायचं, याचा सिलॅबस कुठल्या धर्मपीठात असेल असं मला वाटत नाही.

आणि जे जिवंत आहेत त्यांचं काय? ‘मी माणूस मारला, आता मी कोण?’ हे सैनिक कमांडरला विचारणार नाही, कारण तो उद्या परत पुढे पाठवणार आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो तर रेकॉर्डवर येईल, पोरं हसतील, अशी भीती जगभरच्या सैन्यांत आहे. पाद्रीसोबत चहा प्यायला बसलं तर कोणी भुवया उंचावत नाही. अमेरिकन सैन्यात तर सैनिकाने चॅप्लिनला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय वरिष्ठांपर्यंतही जाऊ शकत नाही. माझ्या मते या माणसाची खरी ताकद प्रार्थनेपेक्षा इथे आहे. सैन्यात राहूनही तो आदेशांच्या साखळीत नसतो.

पण पगार सैन्याचा, युनिफॉर्म सैन्याचा, मग साखळीबाहेर राहायचं कसं? इथेच मला हा विषय अवघड वाटतो. २५ सप्टेंबर २०२२ ला, रशियात सैन्यभरती जाहीर झाल्यावर चारच दिवसांनी, मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल यांनी प्रवचनात सांगितलं की कर्तव्य बजावताना मरणाऱ्या सैनिकाची सगळी पापं धुतली जातात. वीस-बावीस वर्षांच्या घाबरलेल्या पोराला हे ऐकवणं म्हणजे धीर देणं की ढकलणं? समोरच्या खंदकातही बहुतेक ऑर्थोडॉक्सच आहेत. तोच क्रॉस, तेच सण. युक्रेनलाही हा पेच चुकलेला नाही. ज्या चर्चचं केंद्र रशियात आहे त्याच्या पाद्रींना तिथला कायदा चॅप्लिन होऊ देत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते समजतं. पण म्हणजे कोणाचा देव छावणीत येणार, हेही शेवटी सरकारच ठरवणार.

हे सगळं ऐकून मित्र म्हणाला, ‘‘बरंय, आपल्याकडे असलं काही नाही.’’ आहे की! भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू हे ‘रिलिजस टीचर’ म्हणून नायब सुभेदार पदावर भरती होतात. त्यांचं प्रशिक्षण होतं आपल्या पुण्यातच, इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये. कितीतरी युनिट्समध्ये ‘सर्व धर्म स्थळ’ असतं, एकाच छताखाली सगळ्यांचे देव.

मी त्याला भरतीची जाहिरात दाखवली. पात्रतेत पदवी मागितली आहे बघून तो जरा सरसावला. मग कामांची यादी वाचू लागला. अंत्यविधीला हजर राहणे. हॉस्पिटलमधल्या आजाऱ्यांना भेटणे. बऱ्या होत असलेल्यांसोबत प्रार्थना म्हणणे. शिक्षा भोगत असलेल्या सैनिकांची भेट घेणे. इथे तो थांबला. ‘‘शिक्षा झालेल्यालाही?’’ म्हणाला, आणि यादी परत पहिल्यापासून वाचायला लागला.