२०२५ चा ५ स्टार एसी २०२६ मध्ये ४ स्टार कसा झाला?

एसी घ्यायला दुकानात गेलात तर सध्या एक गंमत दिसू शकते. गेल्या वर्षीच्या लेबलवर ज्या एसीला ५ स्टार होते, तसाच एसी यंदाच्या लेबलवर ४ स्टारचा आहे. कंपनीने आत काही कमी केलेलं नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, १ जानेवारी २०२६ पासून स्टार द्यायची पट्टी वर सरकवली आहे. जुलै २०२२ मध्येही असंच झालं होतं. तेव्हा ५ स्टारसाठी किमान आयएसईईआर ४.५ वरून ५.० झाला.

आयएसईईआर म्हणजे वर्षभरात एसीने खोलीतून बाहेर काढलेली उष्णता भागिले त्यासाठी खाल्लेली वीज. आकडा जितका मोठा, तितकं बिल कमी. फोनचा बेंचमार्क स्कोअर समजा, फक्त हा खिशाला थेट लागतो. म्हणून स्टार मोजत बसू नका. लेबलवर हा आकडा, वर्षाचे युनिट आणि लेबल कोणत्या काळासाठी वैध आहे ते छापलेलं असतं. तेवढं बघा. बीईईच्या स्टार लेबल ॲपवरही मॉडेल शोधता येतं.

आता खरा प्रश्न: जास्त पैसे टाकून ५ स्टार घ्यावा का?

समजा, दीड टनाच्या ३ स्टारवर वर्षाला १००० युनिट लिहिलेत आणि ५ स्टारवर ७६०. फरक २४० युनिटचा. पण हे आकडे वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेले असतात. तुम्ही फक्त एप्रिल-मे मध्ये रात्री ६ तास लावत असाल तर होतात जेमतेम ३६० तास, आणि वाचतात साधारण ५४ युनिट.

या युनिटचा दर कोणता धरायचा, इथे बहुतेक जण चुकतात. बिलाची सरासरी काढू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत. पंखा, फ्रिज, टीव्ही खालच्या टप्प्यांत बसतात; एसीचे युनिट त्यांच्या डोक्यावर येऊन पडतात. म्हणजे वाचलेलं प्रत्येक युनिट हे तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं. सगळे आकार धरून ते १५ रुपयांना पडतं असं समजू. मग १६०० तास वापरणाऱ्याचे वर्षाला ३६०० रुपये वाचले आणि ३६० तासवाल्याचे फक्त ८१०. दोन एसींच्या किमतीत ८००० चा फरक असेल तर पहिल्याचे पैसे सव्वादोन वर्षांत वसूल, दुसऱ्याला मात्र जवळपास दहा वर्षं लागणार! वर्क फ्रॉम होम असेल, किंवा घरी दुपारभर आजी-आजोबा असतील, तर डोळे झाकून ५ स्टार घ्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन महिन्यांची सोय हवी असेल तर ३ स्टार घेण्यात काही कमीपणा नाही, सेल्समन काहीही म्हणो.

आणखी एक. जुन्या लेबलचा ५ स्टार सवलतीत मिळत असेल तर तो वाईट नाही, पण किंमत यंदाच्या ४ स्टारशी ताडून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. आधी करासकट ४०,०००ला मिळणारा एसी नुसत्या या कपातीने ३६,८७५ला यायला हवा. तेवढी घट म्हणजे दुकानदाराचं डिस्काउंट नव्हे.

राहिला रिमोट. २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी मुळात २४ अंशांवर सेट होऊन येतात, आणि बीईईच्या हिशोबाने तापमान एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. ५ स्टार घेऊन १८ वर चालवणाऱ्यांनी वरचं गणित पुन्हा मांडावं.