कोल्ट्रेनचे ‘भारतीयत्व’

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा तीन दाखल्यांभोवती फिरू लागते. त्याने १९६१ साली ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली. रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका तो मनापासून ऐकत असे. आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने त्यांच्यावरूनच रवी ठेवले. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्यांवरून पश्चिमेचा एक अस्वस्थ वादक अखेर आपल्या अध्यात्माच्या आश्रयाला आला, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा तर आहेच. शिवाय आत्मसंतुष्टही आहे.

कोल्ट्रेनला अध्यात्म उसने घ्यावे लागले नव्हते. १९२६ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेल्या या माणसाचे आजोबा कृष्णवर्णीयांच्या मेथॉडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. १९५७ साली हेरॉइनच्या व्यसनापायी माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या वाद्यवृंदातून काढले. त्यातून सावरण्याचे श्रेय त्याने पुढे ईश्वरकृपेला दिले. १९६४ सालच्या ‘अ लव्ह सुप्रीम’च्या अखेरच्या भागात तो स्वतः लिहिलेली प्रार्थना शब्दाशब्दाने सॅक्सोफोनवर उच्चारतो. हा उच्चार त्या चर्चमधल्या प्रवचनाचा आहे, मंत्रपठणाचा नव्हे.

‘इंडिया’त दोन बास मिळून तंबोऱ्यासारखा आधार देतात, हे मान्य. पण त्याच वेळी एल्विन जोन्सचे ड्रम काय करतात तेही ऐकावे. ख्यालाच्या बैठकीत तबला ठेका धरून गायकाला सांभाळतो; जोन्स कोल्ट्रेनला सांभाळत नाही, त्याच्याशी झुंजतो. आपल्याला अडवू शकतील असे वादक निवडायचे आणि त्यांना अडवू द्यायचे, हे कोल्ट्रेनच्या नेतृत्वाचे मर्म. ते भारतीय ठरवण्याच्या हौसेत नेमके हेच मर्म कानाआड होते.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅम शहरातल्या एका चर्चमध्ये गोऱ्या वंशद्वेष्ट्यांनी बॉम्बस्फोट घडवला. चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या. दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने ‘अलाबामा’ ध्वनिमुद्रित केली. त्याच्या भारतीयत्वाचे गोडवे गाताना या विलापिकेची आठवण सहसा कोणाला होत नाही. होईल कशी? तिच्यात आपली मोठेपणाची छबी दिसत नाही. उलट, जन्मावरून माणसाला हीन ठरवणाऱ्या समाजाविषयी तिथे प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या दारापर्यंत येतो.

कोल्ट्रेन १९६७ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेला. पाचच वर्षांनी मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. कृष्णवर्णीय अमेरिकेशी मराठीचे नाते जुळले ते या वाटेने. कोल्ट्रेनला ‘आपला’ म्हणायचेच असेल, तर तेही याच वाटेने म्हणावे. या वाटेवर गौरव पदरात पडत नाही; उत्तरे मात्र द्यावी लागतात.