घर आणि आरोग्य : फोन कोणाच्या हातीं?

तालुक्याच्या गांवीं आमच्या परिचयाचें एक सुशिक्षित एकत्र कुटुंब आहे. धाकट्या सूनबाईंस दिवस राहिले तेव्हां आरोग्यकेंद्रांत त्यांचें नांव नोंदलें गेलें. फोनचा क्रमांक मात्र यजमानांचा देण्यांत आला. पुढें दर आठवड्यास एक फोन येऊं लागला, आणि यजमान कचेरींत असल्यामुळें, कसली तरी जाहिरात समजून, तो बंद करीत. सातव्या महिन्यांत सूनबाईंचें डोकें दुखूं लागलें. चेहरा व हात सुजले. “पहिलटकरणीचें असेंच असतें, जरा पडून राहा,” असें सासूबाईंनीं सांगितलें. योगायोगानें एकदां तो फोन मामंजींनीं उचलला. दोन वाक्यें ऐकतांच त्यांनीं हांक मारली, “सूनबाई, हें तुझ्याकरितां आहे, ये, ऐक.” सूज, डोकेंदुखी, दृष्टि अंधुक होणें हीं लक्षणें दिसतांच विलंब न लावतां दवाखान्यांत जावें, असें तींत सांगितलें होतें. त्याच सायंकाळीं तपासणी झाली. रक्तदाब बराच वाढलेला आढळला. वेळीं उपचार झाले आणि आज मायलेकरें सुखरूप आहेत.

ही सेवा म्हणजे भारत सरकारची ‘किलकारी’. ती २०१६ च्या जानेवारींत सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचें होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे ७२ संदेश फोनवर विनामूल्य ऐकविले जातात. त्यामुळें अक्षरओळख नसलेल्या स्त्रीसहि त्यांचा लाभ घेतां येतो. मुंबईंत डॉ. अपर्णा हेगडे यांनीं २००८ मध्यें स्थापिलेल्या ‘अरमान’ या संस्थेनें २०१४ मध्यें ‘एममित्र’ ही अशीच सेवा सुरू केली. तींत फोन केव्हां यावा, ती वेळ स्त्रीनेंच निवडावी अशी सोय ठेविली. या सोयीचें मर्म ध्यानांत घ्यावें. संदेश जिच्याकरितां आहे, तिच्या कानीं तो पडला नाहीं, तर सारें यंत्र व्यर्थ होय.

तथापि फोन कांहीं रक्तदाब मोजीत नाहीं कीं बाळाचें वजन करीत नाहीं. दवाखान्यांत केव्हां जावें एवढेंच तो सांगतो. नेण्याचें काम घरच्यांचें. गरोदरपणांत निदान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत. रक्तस्राव होणें, बाळाची हालचाल मंदावणें यांबाबत तर दुसऱ्या दिवसाची वाटहि पाहूं नये.

घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं यांत आपल्या अनुभवाचा अवमान मानूं नये. बाळंतिणीस विश्रांति कशी द्यावी, तान्ह्यास कसें हाताळावें, हें कोणताहि फोन त्यांच्याइतकें शिकवूं शकणार नाहीं. परंतु कांहीं चाली आतां सोडल्याच पाहिजेत. पहिला पिवळसर चीक टाकूं नये. जन्मानंतर तासाभराच्या आंत बाळास अंगावर घ्यावें आणि पुढें सहा महिने आईच्या दुधावांचून पाणीहि पाजूं नये. सोन्याबरोबर मध चाटविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पण वर्षाच्या आंतील मुलास मधापासून, क्वचित् कां होईना, प्राणावर बेतणारी विषबाधा होऊं शकते. आशीर्वाद द्यावा, मध देऊं नये. एवढ्यानें संस्कारास उणेपणा येत नाहीं.

आपल्या घरीं कोणी गर्भवती असेल, तर नोंद करतेवेळीं तिचाच क्रमांक द्यावा व फोन तिच्याजवळ राहूं द्यावा. यजमानांचा क्रमांक दिलाच असेल, तर संदेश तिच्यापर्यंत पोंचविणें हें त्यांचें कर्तव्य समजावें. संदेश सासूबाईंनीं व यजमानांनींहि ऐकावा, म्हणजे सुनेला आपलें दुखणें दोनदां पटवून द्यावें लागणार नाहीं.

वर सांगितलेल्या घरीं मूल आतां पांच महिन्यांचें आहे. आठवड्याचा फोन वाजला कीं आजेसासूबाई पोथी मिटून विचारतात, “आज काय सांगताहेत ग?”