आधी अर्थिंग, मग कॉम्प्रेसर

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुट ओलांडले की कासार आंबोली लागते. मुलींच्या सैनिकी शाळेमुळे गावाचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. या रस्त्यावर कोणालाही ‘कॉम्प्रेसर कोठे मिळेल?’ असे विचारा. तो पंक्चरच्या दुकानाकडे बोट दाखवील. त्यात त्याचे काही चुकत नाही. पण घरी बसून बेस गिटारचे ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हवा असलेला कॉम्प्रेसर निराळा. पहिला हवा दाबतो, दुसरा मोठ्या आणि लहान आवाजांमधील अंतर दाबतो.

असा एखादा स्वस्त कॉम्प्रेसर घ्यावा का, हा प्रश्न हल्ली विद्यार्थी विचारू लागले आहेत. दोन-चार हजार रुपये ही काही लहान रक्कम नव्हे. माझे मत असे, की ते पैसे लगेच खर्च करू नयेत. आधी घरातील तीन पिनांच्या सॉकेटकडे पाहावे. हे उत्तर विषयाला सोडून वाटेल, म्हणून थोडे खोलात जाऊ.

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत आपली विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. पुढे ती मुंबईच्या चित्रपटसंगीतातही आली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ ती वाजवीत. या वाद्याच्या चार तारा साधारणपणे ४१, ५५, ७३ व ९८ हर्ट्‌झ कंप्रतेला (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांना) लावतात. पोलादी तारेखाली चुंबक असतो व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. तार हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले तत्त्व ते हेच. याचा एक फायदा मुळशीकरांनी जरूर घ्यावा. आषाढातला पाऊस पत्र्यावर कितीही कोसळो, गिटार तारेने थेट संगणकाच्या ध्वनियंत्रणेला जोडली असेल तर त्या मुद्रणात पाऊस उतरत नाही. वेटोळ्याला कान नसतात.

आता बोटांकडे वळू. नवशिक्याचा एक ठोका दुबळा, तर दुसरा जोरकस पडतो. विद्युत्‌दाब दुप्पट झाला की पातळी ६ डेसिबलने वाढते. कॉम्प्रेसरमध्ये आपण एक उंबरठा ठरवतो. त्याखालचे आवाज जसेच्या तसे जातात, वरचे मात्र ठरलेल्या प्रमाणात दबतात. प्रमाण चारास एक ठेवले आणि ठोका उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर गेला, तर बाहेर तो केवळ ३ डेसिबल वर येतो. म्हणजे ९ डेसिबल कापले गेले. यंत्र आवाज मोठा करते हा समज खरा नाही. ते मोठा आवाज लहान करते. आवाज मोठा होतो तो त्यानंतर, आपण सगळीच पातळी ९ डेसिबलने उचलतो तेव्हा.

हा पाहुणा आपल्या घरात फार पूर्वी येऊन गेला आहे. कॅसेट रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप राखणारी सोय बहुधा असेच. घरात भजनाची जुनी कॅसेट असेल तर लक्ष देऊन ऐका. पखवाजाची थाप पडताच गाणाऱ्याचा आवाज दबतो, आणि सगळे थांबले की टेपची खरखर हळूहळू वर येते. थाप मोठी म्हणून यंत्राने सगळेच दाबले. शांतता झाली म्हणून सगळेच उचलले.

त्या खरखरीतच अर्थिंगचे उत्तर दडले आहे. आपल्या घरातील वीज ५० हर्ट्‌झची आहे. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट ठेवले तर जो स्वर निघतो तो ४९ हर्ट्‌झचा! विजेची गुरगुर आणि हा स्वर असे शेजारी शेजारी बसलेले, की एक काढू गेल्यास दुसरा जखमी होतो. कॉम्प्रेसर लावून पातळी ९ डेसिबलने उचललीत, की शांत जागांतील गुरगुरीचा दाबही जवळजवळ तिप्पट होतो. मग मुले आणखी महाग यंत्र शोधू लागतात. वास्तविक तारांना हात लावताच गुरगुर कमी होत असेल, तर तिचे मूळ बहुधा वाद्याच्या धातूच्या आवरणात किंवा घराच्या अर्थिंगमध्ये (भूसंपर्कनात) असते. ही दुरुस्ती जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणे तत्काळ थांबवावे. गुरगुर जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

बरे, अर्थिंग ठीक झाले. तरीही विकतची पेटी लगेच लागत नाही. टेपवर मुद्रण होई तेव्हा पातळी जपावी लागे, कारण आवाज लहान राहिला तर खरखर आणि फार मोठा झाला तर फाटलेपण. आज २४ बिटांच्या मुद्रणात कमाल पातळीच्या खाली १२ डेसिबल जागा मोकळी सोडली तरी काही बिघडत नाही. वाजवलेले तसेच मुद्रित करावे आणि नंतर ऑडॅसिटीसारख्या मोफत संगणकप्रणालीतील कॉम्प्रेसर लावून पाहावा. नको वाटला तर काढता येतो. पेटीतून दबून आलेला आवाज मात्र पुन्हा उलगडत नाही.

ज्यांना पेटी घ्यायचीच आहे त्यांनी दुकानात एक परीक्षा करावी. सर्वांत जाड तार मोकळी छेडून स्वर लांबू द्यावा. तिचे एक कंपन २४ मिलिसेकंद चालते. दाब सोडण्याचा यंत्राचा वेळ याहून कमी असेल, तर ते ठोक्याऐवजी प्रत्येक कंपनालाच दाबू-सोडू लागते व स्वर घोगरा होतो. हा वेळ शंभर-दोनशे मिलिसेकंद ठेवता आला तर स्वस्त यंत्रही चांगले काम देते.

आणि शिक्षकांना एक विनंती. १९६०च्या दशकात जिम लॉरेन्स यांनी एलए-२ए नावाचा कॉम्प्रेसर बनवला. आज त्याची किंमत लाखांच्या घरात आहे, पण त्याचे मर्म शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येते. गिटारचा संदेश एका रोधकातून पुढे न्यावा. रोधकाच्या पलीकडच्या टोकापासून मंडलाच्या ऋण तारेपर्यंत एक एलडीआर (प्रकाश पडला की रोध कमी होणारा घटक) जोडावा. त्याच संदेशावर, लहानशा विवर्धकामार्फत, एक एलईडी दिवा लावावा, आणि दिवा व एलडीआर समोरासमोर काळ्या कागदाच्या नळीत बंद करावेत. ठोका मोठा आला की दिवा उजळतो, एलडीआरचा रोध उतरतो आणि संदेशाचा बराच भाग तिकडे वळतो. सामान पुण्यात बुधवार पेठेत मिळते. सगळे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे घरच्या विजेचा धोका नाही. एलडीआर उजेडाला चटकन प्रतिसाद देतो, पण अंधारात सावकाश पूर्ववत होतो. एरवी उणीव वाटावी अशी ही त्याची सुस्ती ४१ हर्ट्‌झच्या तारेला मात्र फार मानवते.