‘समजलं ना?’ हा प्रश्नच नव्हे

माझ्या आत्याला संधिवात आहे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आत्याने ती आठ दिवस रोज घेतली. तोंड आलं, तर उष्णता म्हणून गुलकंद खाल्ला, सब्जाचं पाणी प्यायली. मग ताप भरला. ॲडमिट केलं तेव्हा पांढऱ्या पेशी पार घसरल्या होत्या. वाचली, एवढंच.

राउंडला आलेले डॉक्टर मला म्हणाले, “सांगितलं होतं त्यांना. पेशंट ऐकतच नाहीत हो!”

मला हे साफ नामंजूर आहे. आत्याने ऐकलं होतं. तिच्याकडे दोन गोळ्या होत्या, मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड. दोन्ही बारक्या, दोन्ही पिवळ्या. एक आठवड्याची, दुसरी बाकीच्या दिवसांची. तिच्याकडून अदलाबदल झाली. चूक व्हायची सगळी तयारी आपण करून ठेवायची आणि झाली की पेशंटच्या नावावर खपवायची, याला काय म्हणायचं?

सांगून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं होतं, “समजलं ना?” बाहेर वीस माणसं ताटकळलेली, डॉक्टरांचा हात पुढच्या केसपेपरवर. अशा वेळी ‘नाही’ म्हणायची हिंमत कुणाची होते? मी एम.ए. झालेय, मीसुद्धा ‘हो डॉक्टर’ म्हणूनच बाहेर पडते.

औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ साली केला. चांगलंच झालं. पण आत्याला इंग्रजी वाचता येत नाही. तिच्यासाठी सुवाच्य इंग्रजी आणि गिचमिड इंग्रजी सारखंच. तिला हवा होता एकच मराठी शब्द: मंगळवार. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली डॉक्टरांना हेच सांगितलं, की मेथोट्रेक्सेट कोणत्या वारी घ्यायचं ते पेशंटशी बोलून ठरवा आणि प्रिस्क्रिप्शनवर तो वार पूर्ण लिहा.

“वेळ कुठे आहे?” हे उत्तर मला पाठ आहे. गर्दी खरी आहे, डॉक्टर थकतात हेही खरं. पण “मावशी, आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कधी घेणार?” हे विचारायला किती वेळ लागतो? याला टीच-बॅक म्हणतात. यात परीक्षा पेशंटची नसते, डॉक्टरांच्या सांगण्याची असते. आत्या “रोज सकाळी” म्हणाली असती आणि चूक तिथेच सापडली असती. “तोंड आलं, ताप आला तर थांबू नका, लगेच फोन करा” हे आणखी एक वाक्य. तेवढ्याने गुलकंदाचे दिवस वाचले असते.

डॉक्टरांना जमत नसेल तर नर्सने विचारावं, मेडिकलवाल्याने विचारावं. पण कुणीतरी विचारलंच पाहिजे.

आणि आईबाबांना दवाखान्यात नेणाऱ्यांनो, फोन खिशात ठेवा. उठण्याआधी मोठ्याने म्हणा, “डॉक्टर, आम्हाला काय कळलंय ते सांगते, चुकलं तर दुरुस्त करा.” डॉक्टर वैतागले तर वैतागू देत.