पहिला ऑसिलोस्कोप कोणता घ्यायचा? परभणीच्या विद्यार्थ्यांनी पैसे मोजण्याआधी काय तपासावं?

देशात सध्या सेमीकंडक्टरची जोरदार चर्चा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये त्यासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये मोहालीत तयार झालेला 'विक्रम' हा ३२ बिट प्रोसेसर पंतप्रधानांना भेट देण्यात आला.

परभणी, सेलू किंवा गंगाखेडमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांपुढचा प्रश्न मात्र साधा आहे. प्रोजेक्टचं सर्किट चालत नाही, तर आत काय चाललंय हे बघायचं कशावर?

मल्टिमीटर एक आकडा सांगतो. व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतंय, हे ऑसिलोस्कोप दाखवतो. पण त्याच्या किमती काही हजारांपासून लाखांपर्यंत जातात. शेतीवर चालणाऱ्या घरात हा पैसा खत-बियाण्याच्या हिशेबातून काढावा लागतो. त्यामुळे निवड चुकली तर ती महागात पडते.

आधी काम ठरवा, मग मॉडेल

स्कोपवर लिहिलेला मेगाहर्ट्झचा आकडा म्हणजे बँडविड्थ. ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर ५० मेगाहर्ट्झचा सिग्नल खऱ्या उंचीच्या जेमतेम ७० टक्के दिसतो. म्हणून ज्या सिग्नलचा आकार नीट पाहायचा आहे, त्याच्या पाचपट बँडविड्थ असावी, असा ढोबळ नियम आहे.

आता प्रोजेक्ट पाहा. जमिनीतला ओलावा मोजणं, मोबाइलवरून मोटार चालू करणं, आर्डुइनोवरून पंख्याचा वेग बदलणं. आर्डुइनो उनोचा पीडब्ल्यूएम सिग्नल साधारण ४९० हर्ट्झचा असतो. ९६०० बॉड रेटवर एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. हे सिग्नल संथ आहेत. त्यासाठी महागडा स्कोप लागत नाही.

मग पर्याय कोणते?

डीएसओ १३८: स्वतः जोडायचं स्वस्त किट. एकच चॅनेल, बँडविड्थ फक्त २०० किलोहर्ट्झ. सोल्डरिंगचा हात बसतो, पण दोन सिग्नल शेजारी ठेवून पाहता येत नाहीत.

एक्सपाइज १७: दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरने विद्यार्थ्यांसाठी विकसित केलेलं उपकरण. कॉम्प्युटरला किंवा ओटीजी केबलने अँड्रॉइड फोनला जोडता येतं. सेकंदाला दहा लाखांपर्यंत नमुने घेतं, म्हणजे ९६०० बॉडच्या एका बिटात शंभरेक नमुने मिळतात. सिग्नल जनरेटरही त्यातच आहे. इनपुटची कमाल मर्यादा मात्र १६ व्होल्ट.

जुना सीआरओ: कॉलेजच्या लॅबमध्ये दिसतो तोच. मूलभूत गोष्टी शिकायला चांगला, पण एकदाच येऊन जाणारा सिग्नल धरून ठेवत नाही. घेण्याआधी दुकानातच चालवून पाहा, प्रोबही तपासा.

टेबलावरचा डिजिटल स्कोप: रिगोलचा डीएचओ ८०४ हे एक उदाहरण. चार चॅनेल, ७० मेगाहर्ट्झ, १२ बिट. शिक्षण संपल्यावर दुरुस्ती किंवा डिझाइनचं काम करायचं असेल, तर असा स्कोप अनेक वर्षं पुरतो.

खरा धोका कुठे आहे?

किमतीपेक्षा मोठा प्रश्न सुरक्षेचा आहे आणि परभणीसारख्या जिल्ह्यात तो जास्त महत्त्वाचा ठरतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेमुळे राज्यात शेतोशेती सौर पंप पोहोचत आहेत. त्यांच्या कंट्रोलरची दुरुस्ती हे या मुलांसाठी रोजगाराचं साधन होऊ शकतं. पण त्या कंट्रोलरमध्ये शेकडो व्होल्टचा डीसी असतो.

घरातली २३० व्होल्टची वीजही शिखरावर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. टेबलावरच्या बहुतेक स्कोपच्या प्रोबची अर्थ क्लिप आतून थेट प्लगच्या अर्थिंग पिनला जोडलेली असते. ती क्लिप फेजला लागली की सरळ शॉर्ट सर्किट.

त्यावर 'उपाय' म्हणून काही जण प्लगची अर्थिंग पिन काढून टाकतात. मग स्कोपचे उघडे धातूचे भागच जिवंत होऊ शकतात. गावाकडे अर्थिंग मुळातच धड नसेल, तर हाच धोका आपोआप तयार होतो. अशा मोजमापासाठी डिफरेन्शियल प्रोब लागतो आणि सुरुवातीला सोबत जाणकार माणूसही हवा.

थोडक्यात काय करावं?

पहिल्या वर्षी लॅबमधला स्कोप पुरेपूर वापरावा आणि घरच्या प्रयोगांसाठी छोटं उपकरण घ्यावं. मोठा स्कोप शेवटच्या वर्षी, कामाची दिशा ठरल्यावर. खरेदी ऑनलाइन असो किंवा देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवर, वॉरंटी भारतात मिळते का आणि पक्कं बिल आहे का, हे आधी विचारावं.

पण हा भार एकट्या विद्यार्थ्याने का उचलायचा? पुस्तकं घरी न्यायला मिळतात, तशी छोटी मोजमाप उपकरणं कॉलेजांनी आठवड्यासाठी दिली, तर एकच संच वर्षभरात कितीतरी मुलांच्या हातून फिरेल. चिपच्या कारखान्यांना माणसं हवी आहेत. ती माणसं तयार होण्याची सुरुवात कुलूप नसलेल्या लॅबच्या कपाटापासून होते.